पाणी पिऊन होईपर्यंत

भावाचा फोन आला तेव्हा मी कुवेतमध्ये, रुमैथियातल्या एका व्हिलाच्या गच्चीवर एसीच्या युनिटपुढे उकिडवा बसलो होतो. हिवाळ्यात एसी बंद असतात, म्हणून सर्व्हिसिंगची कामं तेव्हाच निघतात. हातात एक वायर अर्धी सोललेली होती.

"बापूस गेलो रे," भाऊ म्हणाला. "सकाळी चाय पिऊन खळ्यात बसललो. आवशीन हाक मारल्यान तर ओ नाय. पाणी घालूक पण गावला नाय."

"मी येतंय," मी म्हटलं.

भाऊ म्हणाला, "येव नको. तू पोचासर सगळा आटापलेला असतला. आत्ताच तर रजा संपवून गेलंस."

मी बरं म्हटलं. फोन खिशात ठेवला. वायर सोलली, जोडली, वर टेप गुंडाळली, कव्हर लावलं. युनिट चालू करून खाली आलो, हॉलमध्ये गार हवा येते का ते हाताने बघितलं. घरच्या बाईंना सांगितलं, काम झालं. त्या म्हणाल्या, थँक यू. मी पिकअपमध्ये येऊन बसलो आणि दुसऱ्या कामाचा पत्ता बघितला.

जीभ भाजली की पुढे काही दिवस चव लागत नाही, जेवण मात्र जातं. तसं झालं होतं. बनेद अल-गारच्या आमच्या खोलीत आम्ही सगळे रत्नागिरी-सिंधुदुर्गकडचे. त्यातला एक सुतारकाम करणारा, वयाने मोठा. त्यानेच मला खालच्या न्हाव्याकडे नेऊन डोकं भादरून घेतलं. रोज माझ्या ताटात काय वाढायचं आणि काय नाही ते तोच बघायचा. मला सुचत नव्हतं असं नाही, पण सुचून करायचं काय होतं? मी रोज कामावर जात होतो. डोक्यावर टोपी घालत होतो. वर्कशॉपमध्ये कोणाला सांगितलं नव्हतं.

आमचं वर्कशॉप अर्दियाच्या इंडस्ट्रियल भागात आहे. मालक कुवेती, माझ्याच वयाचा. त्याच्या वडिलांना आम्ही सगळे बाबा म्हणतो. बाबांनी ऐंशी कधीच ओलांडली. त्यांच्या घराण्याचा खजुराचा व्यापार मुंबईशी होता, त्यामुळे लहानपणाची काही वर्षं त्यांनी मुंबईत गोदीजवळ काढली होती. त्यांची हिंदी त्या काळातली आहे, आणि मला ते पहिल्या दिवसापासून 'मिस्त्री' म्हणतात. त्यांचा वफ्राकडे फार्म आहे. काकडी, टोमॅटो, थोड्या मेंढ्या. शहरातल्या घरापेक्षा तिथेच त्यांचा जीव रमतो.

त्या शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन आला. "मिस्त्री, मोटर बंद है. ककडी मर जाएगी. आओ."

शुक्रवार सुट्टीचा. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी गेलो.

वफ्राचा रस्ता सरळ आहे. दोन्ही बाजूंना वाळू, विजेच्या तारा, मधूनच हिवाळ्यात लोक हौसेने लावतात ते तंबू. त्या रस्त्याने जाताना काही विचार केल्याचं आठवत नाही. फार्मच्या फाटकात वळलो आणि बंदुकीचा आवाज ऐकला. एक, आणि लगेच दुसरा.

शिकारीला इथे बंदी आहे. तरी हिवाळ्यात तिकडे असे आवाज येतात. बाबा तरुणपणी मोठे शिकारी होते, ते त्यांनी केव्हाच सोडलं होतं. बंदीचा विषय निघाला की ते "अच्छा हुआ" एवढंच म्हणायचे.

मी हत्यारांची पेटी उतरवत होतो तेव्हा एक जीप धुरळा उडवत आली. बाबांचा पुतण्या. चाळिशीचा, कुठल्याशा सरकारी ऑफिसात काम करणारा, मित्रांबरोबर जवळच तंबू टाकून राहिलेला. काचेतूनच हसत तो अरबीत म्हणाला, "काका, तुमची मेंढरं खाणाऱ्या कोल्ह्याला मारलं. लागलं त्याला."

बाबा म्हणाले, "कुठाय?"

"पळालं. मरेल कुठेतरी."

"कुठून मारलंस?"

"गाडीतून."

पुतण्याने हात हलवला आणि तो जीप वळवून तंबूकडे गेला. कोल्हा मेंढ्यांची कोकरं नेत होता हे खरं होतं. त्या आठवड्यात दोन गेली होती. पुतण्या काकांसाठीच आला होता, हेही खरं होतं.

मी पंपाच्या खोलीत गेलो. स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर, मोटरला वीज जोडणारा भाग, जळला होता. नवा माझ्याकडे होता. तो बसवायला घेतला तेवढ्यात मेंढ्या सांभाळणारा बांगलादेशी गडी बाबांना बोलवायला आला. वाटेवर रक्त होतं. कोल्हा रस्त्याखालच्या पाइपात शिरला होता.

फार्मच्या आतल्या रस्त्याखालून एक जुना सिमेंटचा पाइप जातो, माणूस रांगत जाईल एवढा. एका बाजूला मेंढ्यांचं कुंपण, दुसऱ्या बाजूला वाळूचा उंच बांध. काम तसंच ठेवून मी गेलो, बाबाही काठी टेकत तिथवर आले. मग मला म्हणाले, "मेरी आँख में पानी उतरा है. तू देख."

मी बांधाच्या बाजूने गुडघ्यावर बसून आत टॉर्च मारला. कोल्हा मध्यावर होता. बारीक, वाळूच्या रंगाचा, कान मोठे. आमच्याकडच्या कोल्ह्यापेक्षा अंगाने कितीतरी हलका. मागचा भाग ओला होता आणि पाय एका बाजूला पडले होते. उजेड डोळ्यांत गेला तरी त्याने तोंड फिरवलं नाही. गुरगुरला नाही. पोट भराभर वरखाली होत होतं.

"जिंदा है," मी म्हटलं. "कमरेत छर्रे लागलेत. मागचे पाय गेले."

वाकलो तेव्हा टोपी खाली पडली होती. उचलून डोक्यावर घालायला गेलो तर बाबा माझ्या डोक्याकडे बघत होते. मुंबईत वाढलेल्या माणसाला त्या डोक्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"वडील."

"कधी?"

"याच आठवड्यात."

"मग आलास कशाला?"

"मोटर बंद थी," मी म्हटलं.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग ते वळून खोलीकडे गेले आणि आपली जुनी दुनळी घेऊन आले. त्या बंदुकीचं लायसन आहे, ती भिंतीवरच असते. त्यांनी ती बिजागरीत मोडून उघडली, दोन काडतुसं भरली, बंद केली आणि माझ्यापुढे धरली.

"मला दिसत नाही. तू संपव. याला असं ठेवायचं नाही."

मी हात पाठीमागे घेतले.

परदेशी माणसाने दुसऱ्याच्या लायसनची बंदूक उचलली तर काय होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. पोलीस, मग विमानतळ. वर मी सुतकात होतो. यातलं आधी काय मनात आलं ते आज सांगता येणार नाही. पण तोंडातून तिसरंच निघालं. टॉर्चच्या उजेडात कोल्ह्याच्या पलीकडे पाइपाचं दुसरं तोंड दिसत होतं, आणि त्या गोल उजेडात गड्याची लुंगी आणि दोन पाय. तो कुंपणाच्या बाजूने वाकून बघायला गेला होता.

"बाबा, पीछे आदमी है."

बाबांनी नळी झटकन जमिनीकडे केली. गड्याला ओरडून बाजूला बोलावलं. मग बंदूक मोडून काडतुसं काढून खिशात टाकली.

"हे तुला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"वडिलांनी."

आमच्याकडे शेताच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक होती. लायसन बापसाच्या नावावर. रानडुकरं भात आणि नाचणी लोळवून जायची. बापूस काही मोठा शिकारी नव्हता. वर्षाकाठी एखादं डुक्कर मारलं तर मारलं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "आख्खा जनावर दिसाक होया आणि त्येच्या फाटल्यान काय आसा ता पण दिसाक होया. नायतर चाप ओढूचो नाय." जनावराच्या मागे काय आहे ते दिसल्याशिवाय बार टाकायचा नाही, हा त्याचा नियम. शेजाऱ्याच्या नाचणीत डुक्कर शिरलं तेव्हा मी त्याच्याबरोबर राखणीच्या माळ्यावर होतो. मी वीस-बावीसचा असेन. डुक्कर समोर आडवं उभं होतं, चांदण्यात अख्खं दिसत होतं. बापसाने बंदूक उचलली आणि तशीच धरून ठेवली. डुक्कर चरत चरत गेलं. पलीकडे पाणंद होती, आणि पहाटे नदीवर जाणाऱ्या बाया तिथून जात. त्या वेळी तिथे कोणी नव्हतं. शेजाऱ्याने सकाळी शिव्या घातल्या. बापूस म्हणाला, "डुकर उद्या परत येतलो."

पण एकदा त्याचाही नेम चुकला. डुक्कर जखमी होऊन करवंदीच्या जाळीत शिरलं. जखमी डुकराच्या मागे जाळीत जाणं म्हणजे मरणच, सगळे नको म्हणत होते. बापूस गेला. दोन दिवस जात राहिला. दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी ते मिळालं. घरी आला तेव्हा हातापायांवर काट्यांचे ओरखडे होते. आवशीने, माझ्या आईने, जेवायला वाढलं तर म्हणाला, आधी न्हातंय. त्यानंतर त्याने बरेच दिवस बंदुकीला हात लावला नाही. आमच्याशी त्याबद्दल तो कधीच बोलला नाही.

हे सगळं मी बाबांना मोडक्या हिंदीत सांगितलं. सांगताना माझा आवाज एसीचं बिल समजावून सांगताना येतो तसा येत होता. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ओढ्याकाठी मिळालं? पाण्यावर?"

"हां. रक्त गेलं की तहान लागते."

त्यांनी पुतण्याला फोन लावला. अरबीत मोजकं बोलले. "परत ये. बंदूक घेऊन. एकटा."

तो येईपर्यंत बाबांनी गड्याकडून एक पसरट ताट मागवलं. ताट आम्ही पाण्याने भरून बांधाच्या बाजूला, पाइपाच्या तोंडापासून थोडं लांब ठेवलं. त्या बाजूला मागे नुसती वाळू होती. दुसऱ्या तोंडावर गड्याने फळी लावली. मी पंपाच्या खोलीत जाऊन कॉन्टॅक्टर बसवला. स्क्रू आवळताना माझे हात नेहमीसारखे स्थिर होते. मोटर चालू केली नाही, कारण आवाजाने जनावर दबून राहिलं असतं. काकड्यांना आणखी थोडं थांबावं लागणार होतं.

पुतण्या आला तो वैतागून. पांढरा पायघोळ दिशदाशा, पायात बूट. "काका, कोल्हा आहे," तो म्हणाला. "एक कोल्हा. मित्र जेवायला थांबलेत."

"ते जेवतील," बाबा म्हणाले. "तू मारलंस. पुरं केलं नाहीस. ज्याने सुरू केलं त्याने संपवायचं."

"कोकरं त्याने खाल्ली."

"म्हणून मारलंस, ठीक. मी काही म्हटलं नाही. पण गाडीतून मारलंस, आणि मरेल म्हणून निघून गेलास."

पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे बघितलं. घरच्या बोलण्यात परक्याने उभं राहू नये. मी जायला निघालो तर बाबा म्हणाले, "मिस्त्री, तू इथे बस. मला दिसत नाही, आणि याला धीर नाही. कधी ते तू सांग."

आम्ही तिघं रस्त्याच्या उतारावर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बसलो, आमचा वास कोल्ह्याला जाऊ नये म्हणून. पुतण्या मध्ये, बंदूक मांडीवर. बराच वेळ काहीच झालं नाही. ऊन होतं पण वारा थंड होता. ताटातल्या पाण्यावर बारीक धूळ जमत होती. पुतण्याने दोनदा फोन बघितला, मग फोन उलटा करून वाळूवर ठेवला. बाबांनी डोळे मिटले होते. झोपलेत असं वाटलं, पण पुतण्या हलला की ते हळूच म्हणायचे, "सबर."

मला बसणं सोपं गेलं. त्या दिवसांत मला कुठेही बसवलं असतं तर मी बसलो असतो.

मग पाइपाच्या तोंडाशी नाक दिसलं. मग कान. कोल्हा पुढच्या पायांवर अंग ओढत बाहेर आला. मागचं धड वाळूवर घासत येत होतं, त्याची एक ओली रेघ उठत होती. तो मध्येच थांबला. आमच्याकडे बघितलं असं मला वाटलं, पण तो वास घेत असेल. परत ओढत ताटापर्यंत आला.

पुतण्याने बंदूक खांद्याला लावली. ताटाच्या मागे बांध, वाळू, कोणी नाही. जनावर अख्खं दिसत होतं, अगदी जवळ. बापसाने सांगितलेलं सगळं समोर होतं. आता म्हणायला काहीच हरकत नव्हती.

कोल्ह्याने ताटात तोंड घातलं आणि प्यायला लागला.

"आता?" पुतण्या कुजबुजला.

"थांबा," मी म्हटलं.

तो लपलप करून पीत होता. आवाज इथवर येत होता. नळीचं टोक बारीक हलत होतं.

"आता?"

"शुवै," मी म्हटलं. जरा थांबा.

बाबांनी डोळे उघडले होते. त्यांना काही दिसत नव्हतं, पण पाण्याचा आवाज त्यांनाही येत असणार.

कोल्ह्याचं पिऊन झालं. त्याने तोंड वर केलं, हनुवटीवरून पाणी गळत होतं. मान सरळ झाली.

"आत्ता," मी म्हटलं.

आवाज झाला आणि कोल्हा आडवा झाला. परत हलला नाही. मी उठून जवळ गेलो, वाकून पोट बघितलं, डोळे बघितले. "खलास," मी सांगितलं. ताट उलटलं होतं, पाणी वाळूत जिरलं होतं.

पुतण्या जागेवरच बसला होता. बंदूक मोडून शेजारी ठेवलेली. थोड्या वेळाने तो इंग्रजीत म्हणाला, "थांबायला का सांगितलंस? हललो असतो तर चुकला असता."

"पाणी पीत होता," मी म्हटलं.

"कधी मारायचं ते कळलं कसं?"

"कळलं नव्हतं," मी म्हटलं. तेच खरं होतं. पाण्याची लालूच दाखवून आम्ही त्याला मारलं, असंही कोणी म्हणेल.

बाबांनी फावडं मागवलं आणि पुतण्याच्या हातात दिलं. मला वाटलं तो चिडेल. तो चिडला नाही. दिशदाशा कमरेशी खोचून त्याने बांधाच्या कडेला खड्डा खणला, चांगला खोल. गड्याने मदतीला हात पुढे केला तर नको म्हणाला. कोल्ह्याला त्याने शेपटीने न उचलता दोन्ही हातांनी उचललं. माती लोटल्यावर हात झटकत उभा राहिला आणि बाबांच्या डोक्याचं चुंबन घेतलं, इकडे मोठ्यांचं घेतात तसं. बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो जीप हळू चालवत गेला, धुरळा न उडवता.

मी मोटर चालू केली. पंपाच्या पाइपातून आधी हवा आली, मग मळकट पाणी, मग साफ. हरितगृहात शिरून ठिबकच्या नळ्या तपासल्या. सगळीकडे पाणी पोचत होतं.

बाबांनी चहा दिला. काळा, भरपूर साखरेचा. आम्ही खोलीबाहेर खुर्च्यांवर बसलो.

"घरी जायचंय?" त्यांनी विचारलं. "मुलाला सांगतो. सुट्टी देईल."

"दहनाचं सगळं झालं. भावाने केलं."

"ते मी नाही विचारलं."

मी कप दोन्ही हातांनी धरला होता. जायचंय की नाही हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. विचारलं तेव्हाही आतून काही आलं नाही. "माहीत नाही, बाबा," मी म्हटलं.

ते म्हणाले, "माझे वडील गेले तेव्हा मी वाळवंटात होतो, बहिरी ससाणा घेऊन. निरोप आला तरी मी त्या दिवशीची शिकार पुरी केली. मग परत आलो. लोकांना वाटलं, किती पक्का माणूस." त्यांनी कप खाली ठेवला. "पक्का वगैरे काही नव्हतो मी."

चहा संपवून निघालो. त्यांनी गड्याकडून काकड्यांची एक पेटी पिकअपमध्ये ठेववली. पूर्ण रस्ता उजव्या कानात बारीक शिट्टी वाजत होती. बंदुकीच्या मी अगदी जवळ बसलो होतो.

खोलीवर आलो तर सुताराने वरण-भात करून ठेवला होता. काकड्या बघून तो खूश झाला. मी जेवलो आणि जिन्यात येऊन आवशीला फोन लावला. तिच्या बाजूने घरात माणसांचा आवाज येत होता, कोणी तरी भांडी घासत होतं.

"जेवलंस?" तिने विचारलं.

"हो. वरण-भात."

"कामार गेललंस?"

"गेललंय. हय एक कोल्हो मारलो आज."

ती दचकली. "कोणी मारल्यान?"

"दुसऱ्यान. मी नुसतो बाजूक होतंय."

मग ती म्हणाली, "तुका खय लागला नाय मा?"

"नाय," मी म्हटलं. "माका काय लागूक नाय."

ती म्हणाली, बरं, मग नीज. आणि बाराव्याला कोण कोण येणार आहे ते सांगायला लागली. मी जिन्यात बसून ऐकत राहिलो.